मेलेल्या मशीनचा पंचनामा

आमच्या ऑफिसात एखादं मशीन मेलं की सर त्याच्या पंचनाम्याला पंच बोलवायचे. थट्टा नाही करत. खरोखरचे दोन पंच. जो सापडेल तो. रिसेप्शनवरची बाई, कुरियरवाला, विमा विकायला आलेला माणूस, आणि कुणीच मिळालं नाही तर खालचे चहावाले मामू. त्यांना स्क्रीनसमोर उभं करायचं, "नीट बघा, काय दिसतं ते सांगा" म्हणायचं आणि एका लांबट रजिस्टरात सही घ्यायची. पंच क्रमांक एक, पंच क्रमांक दोन. वेळ मिनिटासकट. मामूंना कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते म्हणायचे, "मेरेकू क्या समझता साब, नीला दिखरा, नीला लिखो." सर मान खाली घालून लिहायचे, 'पंच क्र. २ यांचे म्हणण्यानुसार स्क्रीन निळा.'

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन हसले होते. नवी नोकरी, पहिलाच आठवडा, आणि हा पंचावन्न वर्षांचा माणूस एका डब्याचा पंचनामा करतोय! आईला घरी जाऊन सांगितलं, "अगं, आमचे सर अर्धे येडे आहेत." आज कुणी त्यांना येडं म्हणालं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन. पण त्याचा आता काय उपयोग? 

आमचं काम म्हणजे दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणं. शाळा, दवाखाने, दोन-तीन पतसंस्था. क्रांती चौकाजवळ दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. पूर्वी म्हणे प्रत्येक गिऱ्हाइकाचा वेगळा डबा असायचा. आता एकाच दांडग्या मशीनच्या पोटात वीस-पंचवीस व्हर्च्युअल मशीनं चालतात, आणि आतल्या प्रत्येकाला वाटतं की आपणच एकटे आहोत. सरांनी मला हे समजावलं ते असं: "मोठं मशीन म्हंजे घरमालक. आतली सगळी भाडेकरू. मालकाला भायेरून काय दिसतंय? मीटर फिरायलंय, दिवा चालू हाय. तो म्हणतो, समदं बरं चाललंय. आत माणूस फरशीवर आडवा पडलाय, ते त्याला कुठून कळावं?"

"मग कळतं कसं, सर?"

"दार वाजवायचं."

चार दारं होती त्यांची. पहिलं, हजेरी. आतल्या मशीनमध्ये एक बारका प्रोग्रॅम असतो, तो दर काही सेकंदांनी मालकाला 'मी आहे' म्हणून कळवत राहतो. हजेरी थांबली की मालक ओरडतो, गेलं! पण सरांचा तेवढ्यावर विश्वास नसायचा. "कामाच्या रगाड्यात हजेरी द्यायची राहती कधी कधी. म्हणून काय तिरडी बांधायची व्हय?" मग दुसरं दार, स्क्रीन उघडून डोळ्यांनी बघायची. तिसरं, डिस्कवर काही लिहिलं जातंय का. चौथं, नेटवर्कवरून हाक मारली तर ओ देतंय का. चारही दारं वाजवून झाली की मगच ते "गेलं" म्हणायचे, आणि म्हणताना आवाज बारीक करायचे. 'हँग झालं' असं कुणी म्हटलेलं त्यांना खपत नव्हतं. "हँग म्हंजे काय? बेशुद्ध हाय का मेलंय ते सांग मला. दवाखान्यात जाऊन माणूस हँग झाला म्हणशील का?"

सर्व्हरच्या खोलीत एसी इतका की दात वाजायचे, म्हणून ते बारा महिने स्वेटर घालायचे. काळपट हिरवा, कोपरावर विणून सांधलेला. बरं, बाहेर पडताना तरी काढावा? नाही. भर मे महिन्यात, डांबर वितळायलंय, आणि हे स्वेटर घालून चौकात पानाच्या टपरीवर उभे. रिक्षावाले माना वळवून बघायचे. मी एकदा म्हणाले, "सर, लोक हसतात." तर म्हणाले, "हसू दे की. त्यांना कुठं आत जायचंय?"

सगळ्यात मोठा नियम एकच. मेलेल्या मशीनला हात लावायचा नाही. रीस्टार्ट तर मुळीच नाही. आता आमच्या धंद्यात रीस्टार्ट म्हणजे पहिलं औषध. गिऱ्हाईक फोनवर बोंबलत असतं, दोन मिनिटांत चालू केलं की तेही खूश, ऑफिस चालवणारे आमचे साहेबही खूश. पण मशीन ज्या क्षणी मेलं त्या क्षणी त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते सगळं मेमरीत असतं, आणि रीस्टार्ट केलं की ते पुसलं जातं. म्हणून सर आधी ती सगळी मेमरी उतरवून घ्यायचे. वीस-वीस मिनिटं. मग त्या ढिगाऱ्यात बसून कोणत्या प्रोग्रॅमनं घात केला ते शोधायचे. सापडायचंही बहुतेक वेळा. मालक-मशीनमध्ये एक सोय असते, आतलं कुणी मेलं की आपोआप रीस्टार्ट करायची. साहेबांनी ती सगळीकडे चालू करून ठेवली होती. सर त्यावर म्हणायचे, "मढं दिसायच्या आत जाळून मोकळे. कोण मेलं, कशानं मेलं, काय घेणं नाय देणं नाय."

हे पंचाचं खूळ कुठून आलं ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील गावचे पोलीस पाटील. गावात एक बाई विहिरीत गेली. वर काढून ठेवली होती. माहेरची, सासरची, सगळी रडत होती, उरकून घ्या म्हणत होती. वडील सकाळपासून दिवस मावळेपर्यंत त्या बाईजवळ बसून राहिले, पोलीस येऊन पंचनामा करेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. लोकांनी आईबहिणीवरून शिव्या घातल्या. "पंचनाम्यात गळ्यावर वळ निघाले," सर म्हणाले. "उचलली असती ना, तर पाय घसरून पडली म्हणून समदे घरी गेले असते." एवढं बोलून ते परत कीबोर्डकडे वळले. मला त्यानंतर रजिस्टराचं हसू कधी आलं नाही.

असो. आता जे सांगायचंय ते सांगते. टाळून टाळून किती टाळणार?

एका दवाखान्याच्या लॅबचं मशीन आमच्याकडं होतं. रक्ता-लघवीचे रिपोर्ट त्यातून निघायचे. ते एका महिन्यात तीनदा मेलं. दर वेळी सकाळच्या गर्दीत. दर वेळी आपोआप रीस्टार्ट झालं, आणि दर वेळी शेवटच्या काही मिनिटांत भरलेले रिपोर्ट गायब. दवाखान्याचं कडक पत्र आलं. आणि नशीब असं की पहिल्यांदा मेलं त्याच्या दोनच दिवस आधी सरांनी त्या मशीनवर एक अपडेट टाकला होता. साहेबांना तेवढं पुरलं. सगळ्यांसमोर म्हणाले, "तुमच्या अपडेटनंतरच सुरू झालं ना हे? पुढच्या वेळी एकतर मला कारण दाखवा, नाहीतर तुम्ही नका येऊ."

सर म्हणाले, "दाखवतो साहेब. फक्त एकदा ते मला मेलेलं सापडू द्या."

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. त्या वयात त्यांना दुसरी नोकरी कोण देणार होतं? आणि नोकरीपेक्षाही नाव गेल्याचं त्यांना जास्त लागलं होतं. सोळा वर्षांत त्यांच्या हातून एक मशीन गेलं नव्हतं. त्यांनी त्या एका मशीनची आपोआप रीस्टार्टची सोय बंद केली. आता ते मेलं तर तसंच पडून राहणार होतं. एक मेमरी हाताशी लागली की कारण सापडणार, आणि सर वाचणार. इतकं साधं होतं ते.

दहा-बारा दिवस काही झालं नाही. मग काकूंचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एक दिवसाची रजा. आदल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून सगळं पाठ करून घेतलं. "चार दारं वाजवायची. दोन पंच. मेमरी उतरवायला लावायची आणि हात मागं बांधून बसायचं. कुणी काय बी म्हणू दे, वीस मिनिटं हलायचं नाय. जमंल ना?"

"सर, मी काय कुकुलं बाळ आहे का?"

"नायस. म्हणून तर तुला सांगायलोय."

दुसऱ्या दिवशी सव्वादहाला ते मेलं. मेल्याला तोच दिवस सापडला! मी चारही दारं वाजवली, अगदी नीट. मामू चहा घेऊन आलेच होते, रिसेप्शनवरची बाई होती. दोघांना स्क्रीन दाखवली, सह्या घेतल्या. आणि आम्ही सगळे नेहमी करायचो तेच मी केलं. पंचांना घाई असते, म्हणून रजिस्टरातली अख्खी ओळ एका दमात आधीच भरून टाकली. शेवटच्या रकान्यासकट. 'मेमरी उतरवून घेतली: होय.' सर कधीच असं करायचे नाहीत. ते शेवटचा रकाना शेवटीच भरायचे. त्यांच्या मागे आम्ही सगळे असंच करायचो. मग मी मेमरी उतरवायला लावली.

पाच मिनिटांत फोनचा भडिमार सुरू झाला. साहेब केबिनमधून बाहेर आले. लॅबचा माणूस फोनवर ओरडत होता, पेशंट टेबलावर आहे, डॉक्टर रिपोर्टसाठी थांबलेत. खरंच कुणी टेबलावर होतं का? मला आजही माहीत नाही. नंतर कधी विचारायची हिंमत झाली नाही.

"चालू कर," साहेब म्हणाले.

"साहेब, चौदाच मिनिटं. सरांनी सांगितलंय…"

"इथं साहेब कोण आहे? तो का मी? उद्यापासून यायचंय ना तुला?"

माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. घरात कमावणारी मी एकटी. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणूनच सांगतेय, कशाला खोटं बोलू? मी उतरवणं रद्द केलं आणि रीस्टार्ट दाबलं. अर्धीमुर्धी उतरलेली फाइल रद्द केल्याबरोबर आपोआप पुसली गेली. दोन मिनिटांत रिपोर्ट निघायला लागले. साहेब म्हणाले, "झालं का नाही? उगाच तमाशा." आणि गेले आत.

पुढच्या पाच मिनिटांत सरांचा फोन. मागे दवाखान्यातला गोंगाट.

"गेलं का?"

"गेलं, सर."

"मेमरी?"

केबिनचं दार उघडं होतं. साहेबांना ऐकू जात होतं. समोर रजिस्टर पडलेलं होतं, माझ्याच अक्षरात. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घेतली, सर. जुन्या फायलींशेजारी ठेवलीय."

"शाब्बास गं वाघिणी!" इतक्या जोरात ओरडले की तिथली नर्स त्यांच्यावर खेकसलेली मला फोनवर ऐकू आली.

मी ठरवलं, सकाळी तोंडावर सांगायचं. फोनवर नको. संध्याकाळी ते येतील अशी कुणकुण लागली तशी डोकं दुखतंय म्हणून मी साडेचारलाच पळाले. आणि ते आलेच. काकूंना शेजारणीच्या हवाली करून आले. मेमरी उलगडायला डिस्कवर जागा लागते, म्हणून त्यांनी बसून आधी जुन्या फायली पुसून जागा केली. मग काकूंकडं जायची वेळ झाली, म्हणून उरलेलं काम सकाळवर टाकून गेले.

सकाळी मी गेले तेव्हा ते स्वेटरच्या बाह्या वर सारून बसले होते. चेहरा पार उतरलेला.

"ती फाइल दिसंना गं," म्हणाले.

मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं होतं. पण त्याआधीच ते बोलले. "काल मी जुन्या पुसल्या ना, त्यातच गेली. माझ्याच हातून गेली बघ."

एक वाक्य होतं. 'सर, फाइल नव्हतीच.' तीन शब्द. मी म्हणाले, "परत एकदा बघू या, सर."

आणि आम्ही बघितलं. दोन तास. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून, एकेक फोल्डर उघडून, मी त्या माणसाबरोबर नसलेली फाइल शोधली. मध्येच ते म्हणाले, "तू चहा घे, तुझं डोकं दुखत होतं ना काल?" मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.

मालक-मशीनमध्ये घडलेल्या प्रत्येक गोष्टीची यादी असते. त्यात दहा वाजून चोवीस मिनिटांना 'रद्द' असं माझ्या नावासकट लिहिलेलं होतं. सरांनी ती यादी उघडलीच नाही. जो माणूस चार दारं वाजवल्याशिवाय मशीनला मेलेलं म्हणत नव्हता, त्यानं माझ्या बाबतीत एकही दार वाजवलं नाही. रजिस्टरात होय लिहिलेलं होतं, दोन पंचांच्या सह्या होत्या, खाली माझं नाव होतं. मग आणखी काय बघायचं?

साहेबांना त्यांनी स्वतःच लिहून दिलं, 'पुरावा माझ्या निष्काळजीपणामुळे नष्ट झाला.' साहेबांनी तो कागद असा जपून फायलीला लावला की जशी लॉटरीच लागली. महिनाअखेरीस सर गेले. जाताना टेबलाचा खण स्वतः पुसून गेले. मला म्हणाले, "तुझं काम चोख होतं. मीच गाढव." मी कायम झाले ती त्याच्या पुढच्या महिन्यात.

ते लॅबचं मशीन अजूनही मरतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा. साहेबांनी ती सोय परत चालू केलीय, त्यामुळे आपोआप रीस्टार्ट होतं, दोन मिनिटांत उभं राहतं, कुणाच्या लक्षातही येत नाही. दवाखान्यालाही आता सवय झालीय. ते अपडेटमुळे मरायचं, की आणखी कशानं, कुणालाही माहीत नाही आणि कुणाला जाणूनही घ्यायचं नाही. मी दर वेळी सगळं सोडून तिकडं धावते, आणि दर वेळी मी पोचेपर्यंत ते उठून कामाला लागलेलं असतं.

गेल्या वर्षी गुलमंडीत एका दुकानात काकू भेटल्या. मीच ओळख दिली. सर कसे आहेत विचारलं, तर त्यांचे डोळे भरून आले. "काय सांगू गं? आपल्याला विसरायला होतंय म्हणतेत. तेव्हापासून धरून बसलेत. कधी फाइल पुसली ते आठवत नाय म्हणून रडतेत. दोन डॉक्टर झाले. दोघं बी म्हणले, तपासणीत काय बी नाय. तरी हट्टानं गोळ्या घेतेत. कुणाचं कामच घेत नायत. हातून चूक होईल म्हणतेत." त्या माणसाला आठवणार कुठून? त्यांनी ती फाइल कधी पुसलीच नव्हती.

त्याच आठवड्याच्या रविवारी मी त्यांच्या घरी, पडेगावला गेले. मुख्य रस्त्यापासून आत, दोन खोल्यांचं घर, पुढं छोटं फाटक. सर वाळले होते. स्वेटर नव्हता अंगात, तर ते मला कुणी दुसरेच वाटले. मी बसलेही नाही. उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. सहाव्या मिनिटाला साहेब कसे आले, मी रद्द कसं केलं, रकाना आधीच कसा भरला होता, फोनवर कशी खोटं बोलले. दोन तास फाइल शोधायचं नाटक कसं केलं, तेही. "तुमच्या हातून काही गेलेलं नाही, सर. तुम्ही काही विसरला नाहीत. मी केलं सगळं. मला हव्या तेवढ्या शिव्या घाला." मी हुंदके देत होते.

सर गुडघ्यावर हात ठेवून ऐकत होते. मग हसले.

"काकूनं पाठवलं व्हय तुला?"

"नाही हो, सर! खरंच सांगतेय. आईशप्पथ."

"काय पुरावा?" पहिल्यासारखाच आवाज.

माझ्याकडं काय होतं? ती 'रद्द'ची यादी साहेबांनी मोठं मशीन बदललं तेव्हाच गेली होती. मामूंनी फक्त निळा रंग बघितला होता.

"मी ओळखतो ना तुला," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "तू असलं करणारी नायस. म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कशाला ओढून घेतीस अंगावर? नोकरी कर नीट. डोळे पूस." आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला झटकताही येईना आणि सहनही होईना.

चहा झाला. ते फाटकापर्यंत सोडायला आले. मी बाहेर पडले, त्यांनी आतून साखळी ओढली, कुलूप घातलं, किल्ली फिरवली. ओढून पाहिलं. चार पावलं मागे गेले, परत आले, परत ओढून पाहिलं. मी अजून तिथंच उभी आहे हे दिसल्यावर ओशाळले.

"लागलंय का गं?"

"लागलंय, सर. मी बघितलं ना."

त्यांनी मान डोलावली. मग घराकडं वळून काकूंना हाक मारली, "अगं, जरा भायेर ये. कुलूप लागलंय का बघ बरं."